शुभदाने बसवलेली तारीख

मोहोपाडा
मंगळवार, १८ ऑगस्ट १९८७

आज ऑफिसातल्या नव्या वर्ड प्रोसेसरवर खालापूरच्या शुभदाने पत्रावर तारीख आपोआप आणली. मशीन नुसते आकडे देत होतं. तिने ते बदलून आधी वार, मग महिना अक्षरांत, अशी तारीख बसवली. म्हणजे माझीच तारीख. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी गिरवून घेतलेली, इतकी वर्षं मी रोज सकाळी टाइप करत आले ती.

साहेब म्हणाले, "वा, हुबेहूब बाईंची तारीख." बघत होते मात्र शुभदाकडे.

एवढ्याशा तारखेचा हेवा का वाटावा? पोर गुणी आहे. "बाई, तुमी बसा ना, लय सोपं हाय," म्हणत तिने खुर्ची पुढे केली. तारीख दिसतही सुरेख होती.

डोळे दुखतात, असं सांगून मी टाइपरायटरकडे परतले. डोळ्यांना काहीही झालेलं नाही. उद्याही दुखतील.