अण्णांच्या बाजूची काच

८ मे
लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.
अण्णांना डोळ्यांच्या डॉ.कडून घरी आणत होते. वळणावर आमचाच पाण्याचा टँकर दिसला, दुसऱ्याच गल्लीत पाइप सोडलेला. इथं वाट बघून जीव जातोय आणि हा...! डोकंच फिरलं. अण्णांना 'आलेच' म्हटलं, उतरले, सवयीनं किल्लीचं बटण दाबलं आणि ड्रायव्हरशी भांडत बसले. अण्णा मागं, आणि मागच्या दाराला चाइल्ड लॉक, आतून उघडतच नाही. लेक लहान असतानाचं, आता ती दहावीत गेली, पण काढायचं कुणाला सुचलंच नाही. काचा बंद, ए.सी. बंद, वर हे ऊन. गुडघ्यांमुळं अण्णांना पुढच्या सीटवर सरकता येईना.
खळ्ळकन आवाज आला. पाण्याच्या रांगेतल्या एका बाईनं दगडानं काच फोडली होती. मी धावत गेले आणि पहिलं काय बोलले?
"ओ बाई, काच का फोडली?"
तिनं नुसतं आत बोट दाखवलं. अण्णा घामानं निथळत होते, मांडीवर काचेचे खडे. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

९ मे
अण्णा बरे आहेत. ताक, लिंबू सरबत चालू. रागावले असते तर बरं झालं असतं, पण नाही. सकाळीच माझ्या धाकट्या भावाला, बाळूला वैजापूरला फोन केला, थोडे दिवस तिकडं येतो म्हणून. तिकडं विहिरीनं तळ गाठलाय. इथं निदान विकतचं तरी मिळतं, असं मी म्हटलं. "असू दे माय," एवढंच.
हे म्हणतात गाडी गॅरेजला टाक. गॅरेजवाला आधी हेच विचारणार, कशी फुटली. काय सांगू? मीच बसवणार. 'हौस का?' म्हणाले. हौसच म्हणा.

१२ मे
भंगार बाजारातून ह्याच मॉडेलची जुनी काच आणली. कोपऱ्यात ओरखडा, चालेल. दाराचं आतलं कव्हर काढलं. स्क्रू निघाले, प्लॅस्टिकचे खटके निघेनात, दोन तोडलेच. आत तळाशी ओंजळभर काच. व्हॅक्यूम फिरवला, उरलेली हातानं वेचली. बोट कापलं. बरं झालं असं वाटलं, काय मूर्ख बाई आहे मी.
अण्णा ओट्यावर बसून बघत होते. एरवी पाना असा धर, तसा धर, नुसता भडिमार. आज गप्प. तेच लई लागलं.

१३ मे
सकाळी त्या बाईंकडं गेले. "आजोबा बरे हायेत ना?" हेच आधी विचारलं त्यांनी. माफी मागितली तर म्हणाल्या, घाबरल्या होत्या तुम्ही, व्हतं असं. घाबरले नव्हते. मला गाडीचं वाईट वाटलं होतं. हे कुणाला सांगू?
काच बसता बसेना. तिरकी होऊन अर्ध्यातच अडकायची. ह्यांनी ऑफिसातून आल्यावर वरून धरली, मी खालून बोल्ट आवळले. गेली एकदाची वर. चाइल्ड लॉकचा खटका दाराच्या कडेलाच असतो, नखानं सरकतो. एवढंसं काम.

१५ मे
अण्णांना वैजापूरला सोडून आले.
बसताना म्हटलं, आता आतून उघडतं हं, अण्णा. उघडून दाखवलं. "व्हय" म्हणाले. मी गाडी सुरू केली तर म्हणाले, काच खाली कर. बाहेर नुसता फुफाटा. ए.सी. लावते म्हटलं.
"राहू दे खालीच."
वैजापूरपर्यंत काच खाली. धूळ, गरम वारा, त्यांचे डोळे लाल. मी आरशातून बघत होते. माफी मागायचं ठरवूनच निघाले होते. वाऱ्यात ऐकू जायचं नाही, हे निमित्त मिळालं आणि गप्प बसले.
बाळूच्या दारात थांबलो. मी उतरून पलीकडं जाईपर्यंत अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला, बाहेरचं हँडल ओढलं आणि दार उघडलं. आतली कडी त्यांच्या हाताशीच होती.
निघताना म्हटलं, पाऊस पडला की न्यायला येते.
"तू कशाला येतीस? यायचं झालं तर मी येईन एसटीनं."
बरं म्हटलं.