मोठी दुर्बीण परत पाठवली

१२ फेब्रुवारी

नवी दुर्बीण आली. दोन हमालांनी जिन्यातून चढवली, भिंतीचा पोपडा काढला आणि "आजी, आत तोफ आहे का?" म्हणून दात काढले. म्हटलं, तोफच आहे, पहिली तुमच्यावर चालवते.

ह्यांना आनंदानं जेवण जाईना. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, त्या काळ्या बोळात लोंबकळून. आता घरी बसल्यापासून ह्यांना सूर्य पाहिजे! सूर्याचे फोटो पाहिजेत! पुढच्या महिन्यात ग्रहण आहे, सूर्याचा लचका तोडल्यासारखं दिसणार म्हणे. त्याचा एक फोटो काढायचाय, अगदी धारदार. "पुन्हा इथून असं दिसेल तेव्हा आपण नसू," असं मला गच्चीत सांगतात — आणि मी ह्यांचेच पायजमे वाळत घालत होते!

१३ फेब्रुवारी

आभाळ स्वच्छ. सूर्यानं डोळे जाऊ नयेत म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी फिल्म बसवतात, ती बसवायच्या आधी हे ती उजेडाला धरून भोक पडलंय का बघतात. रोज, न चुकता. तेवढं एक अकलेचं काम करतात.

मग मला हाक. "अगं ये, जुळलंय का बघ!" फोटो हे काढणार, पण चित्र नेमकं जुळलं का ते मी सांगायचं, अशी आमची वाटणी. मीच शिवलेल्या काळ्या कापडात डोकं घालायचं, कॅमेऱ्याचा पडदा बघायचा आणि "हं, थांबा" म्हणायचं. चार इयत्ता शिकले आणि मग सगळी वर्षं शर्टांना काजं केली. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं दोरा ओवायचा. अजून काही बारीक बघायचं तर डावा आपोआप मिटतो. हे सगळ्या गल्लीत सांगतात, "आमच्या हिची नजर म्हणजे नजर!"

बघितलं. कडा ठीक, मध्ये बोट फिरवल्यासारखं पुसट. सूर्यावर डाग आहेत म्हणतात, मला एक दिसेल तर शपथ. आणि चावटपणा असा, की जिथं बघावं तिथंच नेमकं पुसट!

"हवा उकळत असेल," हे म्हणाले. गच्ची तापली की हवा थरथरते आणि मोठी दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते. मग मोठी घेतली कशाला? म्हणे, हवा शांत असली तर तिच्यासारखी तीच. हवा शांत कधी असते? सकाळी, उन्हं चढायच्या आत. म्हणजे आता माझी झोपही गेली.

१५ फेब्रुवारी

सूर्य समोरच्या इमारतीवर येतो न येतो तोच हजर. गच्चीत पाणी मारलं, फरशी गार केली. पुसटच!

जुनी लहान दुर्बीण लावून बघितली, तीन इंची, कोपरापर्यंतच्या हाताएवढी. तीही मध्ये पुसट. पण तिचं वय झालंय, तिला काय बोलायचं. नव्या कोऱ्याला काय धाड भरलीय?

१६ फेब्रुवारी

आभाळ धुरकट, सूर्य उकडलेल्या बटाट्यासारखा. ह्यांचं व्याख्यान — धुरकट दिवशी लहान, स्वच्छ दिवशी मोठी, वारा असेल तर लहान. म्हटलं, मग मोठीला वर्षातून एकदाच आरती ओवाळायला बाहेर काढायची का? तोंड एवढंसं झालं. झालं तर झालं.

१८ फेब्रुवारी

दुर्बीणवाल्याला फोन लावला. मीच लावला, ह्यांच्या हातात दिला असता तर माफी मागून मोकळे झाले असते. "काकू, मी स्वतः तपासून पाठवलीय." म्हटलं, आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या! बदलून देतो म्हणाला. बघा, आवाज चढवला की सगळं होतं.

२३ फेब्रुवारी

दुसरी आली. ही भिंगाची, आरशाची नाही. पाच इंची. हिचा फोटो जास्त कडक येतो म्हणे.

ही वहीसुद्धा भिकार निघाली. रेघा मध्येच वाकतात, पोटात कळ आल्यासारख्या. स्टेशनरीवाल्यानं कुठल्या कारखान्याचा कचरा खपवला कोण जाणे. जाऊन सुनावून आले. त्यानं नवी वही उघडून दाखवली. तीही तसलीच! सगळा गठ्ठाच खराब.

२४ फेब्रुवारी

पुसट.

२६ फेब्रुवारी

सुतारानं दुर्बिणीसाठी लाकडी बैठक केली. वरची फळी मध्ये खचलेली. सांगितलं तर म्हणतो, "आजी, लेव्हल लावून दाखवू?" लावली. बुडबुडा मधोमध. म्हटलं, बुडबुडाही तुमचाच, त्याची साक्ष कोण धरतो!

सून दारात उभी राहून हसत होती. "आई, आज कोण राहिलंय? दूधवाला?" म्हटलं, तू राहिलीयस, थांब जरा.

२८ फेब्रुवारी

दुर्बीणवाला स्वतः आला. ऐटीत. कापडात डोकं घातलं आणि आतूनच बोलायला लागला, "काकू, दोन डाग आहेत की! एक मोठा, शेजारी लहान. काय सुंदर आलंय!" तुम्हाला विकायचंय म्हणून सुंदर, म्हटलं. विकणाऱ्याला कडू औषधही गोड लागतं. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा!"

हे आपले फिल्म पुसत बसलेले. "अहो, बोला की!" मी ओरडले. तर ह्यांनी काय बोलावं? "ही म्हणते तर असेल."

असेल म्हणे! चांगलं ठणकावून 'नाही चालत' म्हणायचं तर असेल!

दुर्बीण घेऊन गेला. ग्रहणाच्या आत दुसरी मिळणार नाही म्हणाला. न मिळो. पुसट दुर्बीण उराशी धरून काय करायचंय?

२ मार्च

हे बोलत नाहीत. भांडतही नाहीत, ते जास्त डोक्यात जातं. रिकाम्या बैठकीवर लहानीला बसवलंय, हत्तीच्या अंबारीत मांजर बसल्यासारखी दिसते.

७ मार्च

वारा. आभाळ घाण. ह्यांनी विचारलं, "मोठी असती तरी आज लावली नसतीच, नाही का?" मला विचारत होते की स्वतःला, देव जाणे.

११ मार्च

ग्रहण झालं.

सकाळपासून पातळ ढग. मग विरले. आभाळ असं लख्ख झालं की ह्यांनी मान वर करून नुसता श्वास सोडला. हवाही ठार शांत, लहान दुर्बिणीतही कड हलत नव्हती. मोठीचा दिवस होता तो. मलाही कळत होतं, मी काही दगड नाही.

लहानीनंच काढले. मी कापडात शिरले, "हं, थांबा" म्हटलं — खरं तर अंदाजानंच. चिडून म्हटलं. मग हे स्वतः आत गेले, चित्र जुळवायची चकती जराशी फिरवली आणि बटण दाबलं.

सून ओरडली, "आई, बघा ना, काय आलाय! डागसुद्धा दिसतायत!" मी बघितलं. मध्ये तोच धुरळा. म्हटलं, सासऱ्याची खुशामत पुरे.

रात्री जेवताना हे म्हणाले, "मोठी असती तर चंद्राच्या कडेवरचे डोंगरही आले असते." रागानं नाही, भात कालवता कालवता.

"मग ठेवायची होती!"

"तुला पुसट दिसत होती ना."

"आणि तुम्हाला?"

"मला बरी दिसत होती."

दोन्ही दुर्बिणी? दोन्ही, म्हणाले! पहिल्या दिवसापासून! डागसुद्धा! आणि माणूस तोंड शिवून बसला! का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "तुझ्या नजरेपुढे माझी काय? मला वाटलं, मलाच कळत नाही."

मी ताट आपटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदा तरी म्हणायचं होतं, तू चुकतेयस! एकदा! मला खोटं पाडायचं होतं!

१२ मार्च

भांडी घासताना हातातलं पातेलं दोनदा सुटलं. सून म्हणाली, "आई, राहू द्या." राहू दिलं नाही.

१५ मार्च

न्हाताना साबण उजव्या डोळ्यात गेला. पदर दाबून स्वयंपाकघरात आले, डावा तेवढा उघडा. सुनेनं फ्रिजच्या दारावर ग्रहणाचा फोटो चिकटवलाय. मोठा डाग, शेजारी लहान. लचक्याची कड कात्रीनं कापावी तशी.

मग डोळा धुतला आणि नेहमीसारखा डावा मिटला. धुरळा. फ्रिजचं दार वाकडं. चौकट वाकडी.

डावा उघडा ठेवून, उजव्यावर तळहात धरून हे लिहितेय. वहीच्या रेघा सरळ आहेत.

वरून हाक येतेय. "अगं ये, जुळलंय का बघ!"