ड्रायव्हरची बाटली

१२ मे, फोरबर्ग, नेदरलँड्स. संध्याकाळ.

स्कॉटलंडच्या सहलीतलं जेवण आज एकदाचं ठरवून टाकलं. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-भाजी. डिस्टिलरीत, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्यात, रिकाम्या पोटी जायचं नाही, असं सौरभचंच म्हणणं. तो, अमेय आणि नेहा लायडनला एकाच ऑफिसात आहेत. मी कॉलेज अर्धवट सोडलेला, हॉटेलात स्वयंपाकी. दिवाळीत त्यांच्याकडे स्वयंपाक करायला गेलो, तेव्हाची ओळख. तरी सहलीला बोलावलं, याचं किती बरं वाटलं होतं.

गाडी मीच चालवायची. हे कधी ठरलं, आठवत नाही. डिस्टिलरीला विचारलं, तर तिथे चाखायला देतात त्यातली ड्रायव्हरच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात म्हणे, नंतर प्यायला. मला ते फार आवडलं. लगेच ग्रुपवर सांगितलं.

सौरभने लिहिलं, "वा शेफ, म्हणजे तुझी बाटली रात्री आम्हाला."

मी पितो. थोडी, पण पितो. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही, एवढंच. मीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

शेवटच्या रात्री गाडी काढायची नाही. मुगाची खिचडी, पापड आणि ती छोटी बाटली. सामानाच्या यादीत ग्लास तीन होते. मी चार केले आणि यादी ग्रुपवर टाकली.

सौरभचं उत्तर आलं, "चौथा कशाला रे? एखादा फुटला तर म्हणून?"

मी "हो" लिहिलं.