पंधराव्या घराची चूल

दादा,

रागातच लिहायला बसलो आहे. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आज समोरासमोर भेटलो तर माझे पांढरे केस बघून तुम्हीच मला खुर्ची द्याल, तरी तुमच्यावरचा माझा राग काही म्हातारा होत नाही. निमित्त तुमच्या पणतीचं झालं. लग्नानंतर ती बोरिवलीला राहायला गेली आणि गेले दोन महिने नवरा-बायको दर रविवारी एकेक चर्च बघत फिरतायत, लोक फ्लॅट बघत फिरतात तसे. परवा फोनवर सांगत होती, "आजोबा, एकाचं म्युझिक झकास आहे, पण पार्किंग नाही. दुसऱ्यात पार्किंग आहे, पण पास्टर फार वेळ बोलतात." मी विचारलं, "आणि दाखला? जुन्या चर्चचा दाखला नाही मागत?" तर म्हणाली, "कसला दाखला? जायचं, बसायचं, आवडलं तर परत जायचं." एवढं सोपं होतं का, दादा? मग आपण दोघं काय करत बसलो होतो?

घाटकोपरची ती महापालिकेची शाळा मला अजून स्वप्नात दिसते. ज्या शाळेत तुम्ही उमेदीची सगळी वर्षं चौथीला शिकवलंत, तिथलाच तळमजल्यावरचा दुसरीचा वर्ग रविवारच्या उपासनेपुरता आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला मिळालेला. ऐंशीच्या दशकातले दिवस. रविवारी सकाळी सगळी गल्ली टीव्हीसमोर बसलेली असते आणि तुम्ही धोतराचा सोगा सावरत, काखेत मंडळीची वही घेऊन, सगळ्यांच्या आधी वर्गात पोचता. फळ्यावर शनिवारी बाईंनी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, कधी पाढे, कधी कवितेची दोन कडवी. तुम्ही ते एका कागदावर जसंच्या तसं उतरवून घेता, फळा पुसता, त्यावर गीतांचे आकडे आणि शास्त्रपाठ लिहिता, आणि उपासना संपली की पुन्हा फळा पुसून बाईंचा मजकूर बाईंच्याच वळणाने काढून ठेवता. त्यांच्या 'र'ला उगाच एक फाटा असे, तोसुद्धा. मी म्हणायचो, "दादा, सोमवारी कोण तपासणार आहे?" तुम्ही हात झटकून म्हणायचात, "वर्ग त्यांचा आहे. आपण पाहुणे." फळ्यावर कविता असली की माझी उपासना तिथेच संपायची. तुम्ही कागदावर उतरवत असताना मी ती मनात चालीवर लावायचो, आणि पुढचा तासभर तीच घोळवत बसायचो. दोष तुमचाच. चौथीत तुम्हीच मला कविता म्हणायला शिकवलीत, कुठे थांबायचं आणि कुठे श्वास घ्यायचा तेही तुम्हीच. तुमची प्रार्थनाही मी वृत्तात मोजायचो. "हे दयाळू बापा" म्हणून तुम्ही क्षणभर थांबायचात. त्या थांबण्यात मला जेवढा देव भेटला, तेवढा नंतर कुठल्याच चर्चमध्ये भेटला नाही.

मंडळी केवढी, तर पंधरा घरं. त्यातली निम्मी तुमच्यासारखीच नगरकडून आलेली. वरच्या मंडळाचा नियम होता, पंधरा घरं असतील तरच स्वतंत्र मंडळी, तरच उपासना चालवायला पाळकसाहेब महिन्यातून दोन रविवार येणार. चौदा झाली की वही बंद, सगळ्यांनी चेंबूरच्या मंडळीत सामील व्हायचं. आणि घर म्हणजे काय, तेही वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं: एक चूल म्हणजे एक घर. मंडळीचे चिटणीस तुम्ही. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळं तुमच्या टाकाने त्या वहीत जायचं. कोणी दुसरीकडे निघालं तर त्याच्या सभासदत्वाचा दाखलाही तुम्हीच लिहायचात. त्या दाखल्याशिवाय दुसऱ्या चर्चात नाव लागत नसे. म्हणून माझ्यावर ही वेळ आली की चर्च बदलायचं तर अर्ज आपल्याच बापाकडे, आपल्याच स्वयंपाकघरात, भाकरी खाता खाता करायचा.

ही ओट्याशी पाठमोरी होती, स्टोव्हच्या आवाजात तिला ऐकू जात नव्हतं. मी म्हणालो, "दादा, आम्हांला मुलुंडच्या इंग्रजी चर्चचं सभासद व्हायचंय. पोरगी इंग्रजी शाळेत आहे, तिला तिथली सवय होईल. तिथे संडे स्कूल आहे." तुम्ही घास खाली ठेवलात. "तुला जायचंय?" "हिला वाटतं तसं." तुम्ही तिच्या पाठीकडे पाहिलंत. "सूनबाईला वाटतं?" "हो." तुम्ही पाणी प्यायलात, तांब्या जागेवर ठेवलात आणि म्हणालात, "मग अडवता येणार नाही. बाईमाणसाचं मन मोडून तिला देवाच्या दारात बसवू नये. पण बाळ, तुम्ही गेलात की ही चूल मुलुंडची होते आणि आपल्याकडे चौदाच उरतात, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, ठाऊक आहे. मला वाटलं, आता तुम्ही भांडाल, मीही भांडेन, आणि भांडणात कोणालाच काही ठरवावं लागणार नाही. तुम्ही भांडला नाहीत. हाच तुमचा दोष.

दाखला तुम्ही आठवडाभराने लिहिलात, इतक्या सुंदर अक्षरात की मुलुंडच्या सेक्रेटरीने तो आपल्या बायकोला नेऊन दाखवला. वहीतल्या आपल्या घरातून आम्हां तिघांची नावं वेगळी काढलीत. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर गॅलरीच्या कोपऱ्यात, माळ्यावरून काढलेल्या जुन्या वातीच्या स्टोव्हपुढे तुम्ही उकिडवे बसून भाताचं पातेलं ढवळत होतात.

"हे काय दादा?"

"पंधरावं घर."

"अहो, वहीत नावापुरतं वेगळं दाखवा की. कोण बघायला येणार आहे इथे?"

"वही ज्याच्यासाठी ठेवतो, तो बघतो."

"त्याला एवढा वेळ आहे? तुमचा स्टोव्ह बघत बसायला?"

"त्याला नसेल. मला आहे." आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणालात, "वहीत चूल लिहायची तर चूल पेटायला नको?"

सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन खोल्यांचं घर, आत सून स्वयंपाक करतेय, आणि बाहेर सासरा आपला भात आपण शिजवतोय, का, तर देवाच्या वहीत खोटं लिहायला नको. मी चिडलो, पाय आपटले. तुम्ही शांतपणे कांदा चिरत होतात. समोरच्या खोलीतल्या मालवणच्या काकू, ज्यांचे यजमान गिरणीच्या संपानंतर घरी बसलेले, त्या हिला नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्हाताऱ्याक येगळो कित्याक घातलंस गो? एक मूठ भात जड झालो?" ही कळशी अर्धी भरूनच घरी आली आणि दाराआड उभी राहून रडली. तुम्हांला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही बिल्डिंगभर हिंडून प्रत्येक घरी पंधरा घरांचा नियम समजावून आला असतात, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

ती बिचारी तरीही तुमच्या स्टोव्हशेजारी आमटीची वाटी नेऊन ठेवायची. ती घ्यावी की नाही यावर तुम्ही एक दिवस विचार केलात, मग जाहीर केलंत की शेजारच्या घरून वाटी घ्यायला हरकत नाही, त्याने चूल एक होत नाही. वाटी कधी रिकामी परत केली नाहीत, एखादी वांग्याची फोड, नाहीतर गूळ घालून द्यायचात. पोरीला तर मजाच वाटायची. "मी आज पंधराव्या घरी जेवणार," म्हणून ताटली घेऊन ती गॅलरीत पळायची, आणि माझा घास तोंडातच फिरायचा. रविवारी आम्ही तिघं मुलुंडला आणि तुम्ही एकटे शाळेकडे, एकाच जिन्याने उतरायचो. नाक्यावर तुम्ही "सलाम" म्हणायचात, पाहुण्याला म्हणावं तसं. मुलुंडला दगडी चर्च होतं, उंच छताखाली कॉयर गायचं, प्रत्येकाला सरळ पाठीचं पक्कं बाक होतं. प्रार्थना इंग्रजीत. सगळे शब्द मला कळायचे. एकाचीही मला चाल लागली नाही.

जेवायला बसलो की आत मी प्रार्थना करायचो आणि बाहेर तुम्ही. माझी दोन वाक्यांत संपायची. तुमची चालूच असायची, आणि ती संपेपर्यंत आत कोणी घासाला हात लावायचं नाही, भात निवला तरी. तुम्ही आजाऱ्यांसाठी मागायचात, पाळकसाहेबांच्या प्रवासासाठी, शाळेतल्या बाईंसाठी, आणि शेवटी रोज, न चुकता, "सूनबाईच्या मनाला जे हवं आहे, ते तिला त्या नव्या दारात मिळू दे." एकदा हिने ताटावर हात ठेवून हळूच विचारलं, "अहो, मामंजी रोज माझ्यासाठीच का मागतात? मला काय हवंय असं त्यांना वाटतं?" मी म्हणालो, "म्हातारं माणूस. मागतात काहीतरी." ती म्हणाली, "एकदा विचारू का त्यांना?" मी म्हणालो, "कशाला? आधीच ते नाराज आहेत." म्हणून तिने विचारलं नाही, आणि सुनेला काही विचारणं तुमच्या रीतीत बसत नव्हतं. तुमचं ते सभ्य गप्प बसणं. त्याचा मला संताप येतो. वहीतल्या एका ओळीसाठी वर्षभर स्टोव्हची काजळी खाल्लीत, पण पाच पावलं चालून तिला एक प्रश्न विचारला नाहीत.

मग तुमचा तो ताप. दीड महिना तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि ही तुम्हांला चमच्याने पेज भरवत होती. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा तुम्ही वही उशाखालून काढलीत. "लिहा साहेब, पंधराव्या घराची चूल बंद झाली. मी मुलाच्या चुलीवर जेवतो." पाळकसाहेब अवघडले. "दादा, आजारपण आहे. बरे व्हाल, परत पेटेल. कोणी काही म्हणणार नाही." तुम्ही म्हणालात, "पण आज ती बंद आहे, हे खरं ना?" त्यांनी लिहिलं. मला त्या दोघांच्या हातातून वही ओढून घ्यावीशी वाटली. ज्या मंडळीसाठी माणूस स्वतःच्या घरात परका झाला, ती त्याने स्वतःच एका ओळीत मिटवावी?

पाळकसाहेब गेल्यावर ही स्वयंपाकघरात मला म्हणाली, आणि आवाज तिने मुळीच दबवला नाही, "आपणच परत जाऊ या ना. आपण गेलो की पंधरा होतात. मला तर तिथेच बरं वाटायचं. मुलुंडला मी तुमच्यासाठी येते." मधे दार नव्हतं, पडदा होता. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, तुम्ही जागे होतात. मग तुम्ही भिंतीकडे कूस वळवलीत. तुम्ही ऐकलंत की नाही, मला आजवर कळलेलं नाही. ऐकलं असेल तर वर्षभराच्या तुमच्या प्रार्थना चुकीच्या नावाने गेल्या, हे त्याच क्षणी कळलं असणार. मी तिला म्हणालो, "दाखला असा नेता-आणता येत नाही." येत होता. मुलुंडच्या सेक्रेटरीने एका दिवसात दिला असता.

तुम्ही गेलात. मंडळी चेंबूरला सामील झाली, वही कुठे गेली कोणास ठाऊक. आता सांगतो, दादा. तिने कधी काही मागितलं नव्हतं. मुलुंडला मला जायचं होतं, आणि पोरीच्या इंग्रजीसाठीही नाही. त्या आधीच्या नाताळात मी हौसेने माझ्या ऑफिसातल्या साहेबांना उपासनेला बोलावलं होतं. ते मुलुंडच्याच चर्चचे. दुसरीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून ते तासभर बसले, आणि बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे, तुमचा देव अजून दुसरीतच? नापास झाला की काय?" मीही हसलो. तुम्ही आत फळा पुसत होतात. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी एक चर्च निवडलं, आणि निवडलं म्हणायची छाती नव्हती म्हणून बायकोचं नाव पुढे केलं.

आत्ता ही दारात येऊन विचारून गेली, "एवढं काय लिहिताय?" मी म्हणालो, जुनी एक कविता आठवत होतो. खरं तर हे कागद तुम्हांला नाही, तिला द्यायला हवेत. तुम्हांला त्या भिंतीकडे वळताना बहुधा सगळं कळलं होतं. नळावरून येऊन दाराआड रडलेली ती, तिलाच आजवर ठाऊक नाही की हे सगळं तिच्या नावावर झालं. ती आत भाजी निवडतेय, मधे पाच पावलंसुद्धा नाहीत. मी कागदांची घडी घातली आहे, आणि उठवत नाही.