गोधडी परत बॅगेत ठेवलीय

रेश्मा,

व्होल्टेज पडलं की आपली विहिरीवरची मोटार जळती. अमेरिकेत व्होल्टेज निम्मंच असतं, म्हणून तुझ्या लॅपटॉपची मला धास्ती. तू समजावत होतीस, तरी पाहुण्यांसमोर तुला बोललो अन् तुझ्या आईनं शिवलेली गोधडी काढून बॅगेत स्टॅबिलायझर कोंबला.

आज कीर्तनानंतर बुवांना चार्जर दाखवला. ते तिकडं जाऊन आलेत. हसून म्हणाले, "आबा, ह्यावर शंभर ते दोनशेचाळीस लिव्हलंय. नुसती पिन बदला!"

पिन बारामतीतनं आणून चार्जरला बांधलीय. इतकी कीर्तनं ऐकली, पण माझंच खरं हा हेका सुटला न्हाई.

तोंड दाखवायची लाज वाटती, म्हणून गोठ्यात बसलोय. निघताना तितं हाक मार, पोरी.

— आबा