आक्काचा होकार

४ ऑगस्ट
आजपासून नियम. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. जैन धर्मही सांभाळला, पाणी मोजून प्या म्हणणारे डॉक्टरही खूश. दोन्ही किडन्या गेल्या म्हणून शिस्त जायला नको. निपाणीत डायलिसिस चालू आहेच, पण आता ट्रान्सप्लांटच करून टाकायचं. मी डगमगणारा माणूस नाही.

५ ऑगस्ट
सूर्यास्ताआधी दोन तांबे प्यालो. नियम मोडलेला नाही. पहाटे धाप लागली. हवा दमट आहे.

११ ऑगस्ट
घरात किडनीचा विषय. बायकोचा म्हणजे ब्राह्मीचा रक्तगट वेगळा. भावाचा, नेमगोंडा अण्णाचा जुळतो, पण पाइपांचं दुकान त्याच्याशिवाय एक दिवस चालत नाही. असं तो स्वतःच म्हणाला. मग सगळ्यांना एकदम थोरल्या बहिणीची, अनुराधा आक्काची, आठवण झाली. गट माझाच. राहते बेळगावात, खासबागेत, हॉस्पिटलही तिथंच. शिवाय घरीच असते. दिवसभर नुसती शिलाई मशीन.

१२ ऑगस्ट
दाजींना फोन केला. म्हणाले, तुमचीच बहीण, आम्ही कोण नाही म्हणणार. म्हणजे आक्काचा होकार आला. कुणावर जबरदस्ती करणं माझ्या स्वभावातच नाही.

१८ ऑगस्ट
आई, अण्णा आणि मी साडी घेऊन खासबागेत जाऊन आलो. आईनं आक्काचे पाय धरले. धरू नको म्हटलं मी, पण हळू. आक्का गप्प होती. आनंदानं माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. निघताना तिनं विचारलं, ऑपरेशननंतर मशीन पायानं मारता येईल का. म्हटलं, अगं, पळशील तू. डॉक्टरांना विचारून सांगायचं आहे.

२९ ऑगस्ट
आक्काच्या तपासण्या सुरू. मशीनचं विचारायचं राहिलं. उसाचा रस अर्धाच ग्लास घेतला. दोनदा.

९ सप्टेंबर
हॉस्पिटलात किडनी देणाऱ्याची मुलाखत. आम्हाला बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी आक्काला एकटीलाच आत घेतलं. मला पटलं नाही, ती बुजते. म्हणून काय बोलायचं ते सकाळीच पढवून ठेवलं होतं. लई वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. एसी तिला पहिल्यापासून सोसत नाही.

१२ सप्टेंबर
डॉक्टरबाई म्हणाल्या, वैद्यकीय कारणामुळे तुमच्या बहिणीची किडनी घेता येणार नाही. कारण विचारलं, तर ते फक्त तिलाच सांगणार. रिपोर्ट मागितला, तोही नाही. अण्णा भांडला. मी शांत होतो. घरी येऊन भरलं ताट ढकललं, ते वेगळं.
आता काळजी आक्काची. भावाला काही देता आलं नाही म्हणून खचली असेल. उद्या जाऊन धीर देतो. अशा वेळी आपणच मोठ्या मनानं घ्यायचं.

१३ सप्टेंबर
आक्का मशीनवर बसलेली. तुझा काही दोष नाही, नशीब माझं, असं पाठ करून गेलो होतो. निम्म्यातच तिनं मशीन थांबवलं.
"रिपोर्ट चांगलेच हाईत, वृषभ. मीच न्हाय म्हटलं. डॉक्टरबाईंनी मला सांभाळून घेतलं."
आधी का बोलली नाहीस, म्हटलं.
"इचारलं कुणी? तू ह्यांना फोन केलास. आईनं पाय धरले. त्या खोलीत त्या बाईंनी पहिल्यांदा मला इचारलं. मला भ्या वाटतंय रं. तू मरावास असं न्हाय."
पाठ केलेलं सगळं गेलं. विचारलं, कशाचं भ्या वाटतंय. तेव्हा ती सांगायला लागली. थांबेचना. मग जेवायला वाढलं. जेवलो.

१४ सप्टेंबर
घरी सांगितलं, आक्काचा रिपोर्टच बसत नाही, डॉक्टरबाईंचं खरं आहे. आई म्हणाली, पोर लई रडली असंल. व्हय म्हटलं.
आक्का रडली नव्हती. रडलो मी, परतीच्या बसमध्ये, संकेश्वर येईपर्यंत. शेजारच्या माणसानं खिडकीची जागा दिली.
उद्या डायलिसिस.