शेवटचं वाक्य तालमीत नाही

सोमवार, ७ ऑक्टोबर १९७४

आल्या एकदाच्या! ऑरिएल पेंब्री. अकरा वर्षं टीव्हीवरच्या पोस्टमास्तरीण, आणि आता आमच्या स्कारबरोच्या रंगमंचावर. स्टेशनावरून सामान मीच आणलं. वाटेत मासेवाला ओरडला, "पोस्टातल्या बाई, दोन तिकिटं द्या की!" बाई थांबल्या. "देते. चिकटवू कुठं, तुझ्या तोंडावर?" मासेवाला खूश.

दुपारी तालीम. मी डाव्या विंगेत, संहिता मांडीवर. बावीस वर्षं प्रॉम्प्टिंग करतोय. रंगमंचावरच्या वस्तूही माझ्याच ताब्यात. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पण नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे आमच्या विद्यापीठवाल्या दिग्दर्शकाच्या, डेस्मंडच्या आधी मला कळतं. बाईंची खूण सापडली. थांबतात तेव्हा हात स्थिर. विसरतात तेव्हा अंगठी फिरवतात.

आज नऊ वेळा फिरवली.

गुरुवार, १०

डेस्मंड चहाच्या वेळी हळूच: "ऑगडेन, खरं सांगा. म्हातारीला पाठ होतंय का? पहिल्या प्रयोगाला अडखळली, तर दुसऱ्या दिवसापासून जिल उभी राहील."

जिल, बदली नटी, सव्वीस वर्षांची. पात्र सत्तरीचं!

"त्या थांबतात," मी म्हणालो. "विसरत नाहीत."

खोटं बोललो.

शुक्रवार, ११

रंगमंचावरच्या माझ्या बिस्किटांच्या डब्यावर लिहिलंय! झाकणाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलनं. बशीवरही. वर्तमानपत्राच्या घडीतही! हा डबा मिळवायला मी तीन गावं पालथी घातली होती. जाब विचारायला निघालो, आणि जिन्यात अक्षर ओळखलं. सगळी वाक्यं बाईंच्याच भूमिकेतली.

परत फिरलो. बसून पाहिलं — अक्षर मुंगीएवढं, चष्म्याशिवाय दिसणार कसं? आणि पात्राला चष्मा नाही. सगळं पुसलं. टपोऱ्या अक्षरांत, नीट ओळीत, पुन्हा लिहिलं. त्यांना बोललो नाही. कुणालाच नाही.

मंगळवार, १५

रंगीत तालीम. अंगठी एकदाच! शेवटच्या वाक्याशी बाई रीतीप्रमाणे थांबल्या, "टंटंटं-टं" म्हणाल्या, आणि पडदा. पहिल्या प्रयोगाआधी शेवटचं वाक्य उच्चारायचं नाही, अपशकुन होतो. मी तर ते पान पहिल्याच दिवशी काढून खणात कुलूपबंद करतो. प्रयोगाच्या संध्याकाळी परत लावायचं. इतकं काटेकोर दुसरं कुणी करत नाही.

बुधवार, १६

कसं लिहू?

सगळं सुरळीत चाललं होतं. हशा हवा तिथं हशा. शेवटी बाई चहाचा कप तळापर्यंत प्यायल्या, आत पाहिलं, आणि थेट माझ्याकडे बघितलं. अंगठी फिरत होती. मी पान उलटलं — नुसता पुठ्ठा! पान खणातच राहिलं होतं. लावायचंच विसरलो. मी! आणि जे कधी ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? मी नकारार्थी मान हलवली.

आठ सेकंद. मोजले.

मग बाई उठल्या. दिवा मालवला. "चला, आता कुणी यायचं नाही," म्हणाल्या. पडदा पडला. टाळ्या — थांबेनात!

डेस्मंड धावत विंगेत. "विसरली ना? हे वाक्य कुठल्या नाटकातलं?"

"मी चुकीचं वाक्य पुरवलं," मी म्हणालो. "त्या थांबल्या होत्या. मला वाटलं, विसरल्या."

"तुम्ही, ऑगडेन?"

प्रयोगाच्या वहीत लिहिलं: प्रॉम्प्टरची चूक. सही केली. बावीस वर्षांत पहिली. डेस्मंड जिलला म्हणाला, "तू जा घरी." बाई कोट चढवत जवळून गेल्या. "काय हो ऑगडेन, एवढे वेंधळे कधीपासून झालात?" आणि माझा हात घट्ट दाबला.

पान नव्हतं हे त्यांना सांगायचं राहिलं.

गुरुवार, १७

सकाळी कप धुवायला घेतला. तळाशी लाल नेलपॉलिशनं लिहिलेलं — अक्षर त्यांचं, पण माझ्यासारखं टपोरं, नीट ओळीत: "ऑगडेनकडे बघ."